ईए स्पोर्ट्स कॉलेज फुटबॉल २५ : राखीव क्वार्टरबॅकच्या बाजूने एक परीक्षण

या गेमची परीक्षणं भरपूर झाली आहेत. ग्राफिक्स, बँडचं संगीत, मैदानांची हुबेहूब नक्कल यांवर पुरेसं लिहिलं गेलंय. इथे एकच प्रश्न तपासला आहे. अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलच्या प्रत्येक हंगामात तो उठतो आणि प्रशिक्षकाची झोप उडवतो : राखीव क्वार्टरबॅकला, म्हणजे चेंडू हाताळणाऱ्या मुख्य खेळाडूच्या बदलीला, हंगामाच्या सुरुवातीच्या सामन्यांत खरोखर खेळवावं का? की त्याला टोपी घालून, हातात क्लिपबोर्ड देऊन बाजूला उभं ठेवावं आणि गरज पडेल तेव्हा बघावं? हा निर्णय गेममध्ये तुमच्या हातात येतो. गेम तो किती प्रामाणिकपणे हाताळतो, हे पाहायचं आहे.

आधी जुजबी माहिती. हा गेम १९ जुलै २०२४ ला आला, फक्त प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सिरीज एक्स व एस या यंत्रांसाठी. कॉम्प्युटरवर तो चालत नाही. आला तेव्हा किंमत ६९.९९ डॉलर होती. २०१३ मधल्या एनसीएए फुटबॉल १४ नंतर तब्बल अकरा वर्षांनी आलेला हा पहिला कॉलेज फुटबॉल गेम. वरच्या गटातले तेव्हाचे सगळे १३४ संघ त्यात आहेत. नाव आणि चेहरा वापरू देणाऱ्या प्रत्येक खेळाडूला ६०० डॉलर आणि गेमची एक प्रत मिळाली. टेक्सस विद्यापीठाचा राखीव क्वार्टरबॅक आर्च मॅनिंग सुरुवातीला यात नव्हता, ऑगस्ट २०२४ मध्ये तो आला. मुखपृष्ठावर त्याच्याच संघाचा पहिला क्वार्टरबॅक क्विन इवर्स होता. १४ सप्टेंबरला टेक्सस-सॅन अँटोनियो विद्यापीठाविरुद्ध इवर्सच्या पोटाचा स्नायू दुखावला. मॅनिंग मैदानात आला, चार टचडाउन पास टाकले (टचडाउन म्हणजे चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या शेवटच्या पट्ट्यात पोहोचवून गुण मिळवणं) आणि एकदा स्वतः ६७ यार्ड पळत जाऊन टचडाउन केलं. पुढचे दोन सामने त्यानेच सुरू केले. गेम बाजारात येऊन दोन महिनेही झाले नव्हते, आणि मुखपृष्ठावरचा खेळाडू बाकावर बसला होता.

मास्टर्ससाठी ऑस्टिन, कोलंबस, कॉलेज स्टेशनसारख्या गावांत गेलेले आपले विद्यार्थी पहिल्याच सेमिस्टरला शनिवारची ती लाट पाहतात, पण खेळाचे नियम कुणी नीट समजावत नाही. त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी. क्वार्टरबॅक म्हणजे प्रत्येक चालीत चेंडू ज्याच्या हातात येतो तो. एका सामन्यात संघाच्या साधारण ६५ ते ७० चाली होतात आणि चांगला संघ त्या सगळ्या एकाच क्वार्टरबॅककडून खेळवून घेतो. इतर जागांवरचे राखीव खेळाडू अधूनमधून आत-बाहेर होत असतात. राखीव क्वार्टरबॅकला मात्र एकतर सगळं मिळतं, नाहीतर काहीच नाही. सरावातही तसंच. एनसीएएच्या, म्हणजे कॉलेज खेळांच्या नियामक संस्थेच्या, नियमाने हंगामात आठवड्याला २० तासच संघाचा सराव घेता येतो, आणि पहिल्या फळीबरोबरच्या बहुतेक चाली पहिल्या क्वार्टरबॅकच्या वाट्याला जातात. राखीव पोरगा दुसऱ्या फळीच्या लाइनमागे (क्वार्टरबॅकला वाचवणाऱ्या खेळाडूंच्या रांगेमागे) उभा राहतो, नाहीतर पुढच्या प्रतिस्पर्ध्याची नक्कल करत आपल्याच बचाव फळीला सराव देतो. म्हणजे तो आठवडाभर दुसऱ्याच संघाच्या चाली खेळत असतो.

आता नियम. कॉलेजमध्ये खेळाडूला पाच वर्षांत चार हंगाम खेळता येतात. न खेळता राखून ठेवलेल्या वर्षाला रेडशर्ट म्हणतात. २०१८ पूर्वी हंगामात एकच चाल खेळली तरी, दुखापतीची सूट सोडली तर, ते वर्ष खर्ची पडायचं. त्यामुळे प्रशिक्षक हात आखडता घेत, आणि ते समजण्यासारखंही होतं. २०१८ पासून चार सामन्यांपर्यंत खेळूनही रेडशर्ट टिकतो. या बदलानंतर ‘त्याचं वर्ष वाया जाईल’ ही सबब उरलेली नाही. गेमच्या डायनस्टी विभागात हाच चार सामन्यांचा नियम आहे. डायनस्टीमध्ये तुम्ही प्रशिक्षक होऊन ३० हंगामांपर्यंत संघ चालवता. या परीक्षणाचा सगळा भर त्याच विभागावर आहे.

गेमने सगळ्यात उत्तम काय साधलंय, तर घाबरलेल्या पोराच्या डोळ्यांतून मैदान दाखवणं.

परक्या मैदानावर गर्दीचा आवाज चढतो तसा पडद्यावरचा ‘स्टेडियम पल्स’ वर सरकतो. मग रिसीव्हर, म्हणजे पास झेलणारे खेळाडू, कुठे पळणार हे दाखवणाऱ्या रेषा थरथरायला लागतात, वाकड्या होतात. कुणाला कोणत्या बटणाने पास द्यायचा ती चिन्हं चुकीची दिसतात. स्नॅपच्या, म्हणजे चेंडू क्वार्टरबॅककडे येण्याच्या, आधी चाल बदलायला जावं, तर तो इशारा सहकाऱ्यांपर्यंत नीट पोहोचत नाही. कॅमेरा हलतो. खेळाडूचं मनोधैर्य, म्हणजे कम्पोजर, जितकं कमी तितका हा त्रास जास्त. टेक्सस ए अँड एमचं काइल फील्ड गेमच्या अवघड मैदानांच्या यादीत पहिलं आहे. खऱ्या जगात तिथे एक लाखाहून जास्त माणसं बसतात. पहिल्या वर्षाचा पोरगा घेऊन तिथे तिसऱ्या डाउनला आठ यार्ड हवे असताना उभे राहा (दहा यार्ड पुढे जायला चार प्रयत्न मिळतात, त्या प्रत्येकाला डाउन म्हणतात). कोण कुठे पळतंय हेच दिसेनासं होतं, हात घाईने पहिल्या ओळखीच्या रिसीव्हरकडे चेंडू फेकतो, आणि तिथे नेमका बचावपटू उभा असतो.

खऱ्या फुटबॉलमध्येही नेमकं हेच घडतं. नवख्या क्वार्टरबॅकचा हात कमजोर नसतो. तो उशिरा पाहतो. नेटमध्ये शंभर चेंडू मधोमध बॅटवर घेणारा फलंदाज आणि तीन स्लिप लावलेल्या असताना नव्या चेंडूला सामोरा जाणारा तोच फलंदाज, यांच्यात जे अंतर असतं तेच इथे आहे. सामना खेळल्याशिवाय ते अंतर कापता येत नाही. हा मुद्दा लेखांमधून पटवून देणं कठीण जातं. गेम तो दोन मिनिटांत तुमच्या बोटांना पटवतो, आणि त्यासाठी त्याला मनापासून दाद द्यायला हवी.

एक अट आहे. अवघडपणाचे चार स्तर आहेत : फ्रेशमन, व्हर्सिटी, ऑल-अमेरिकन आणि हाइझमन. खालच्या दोन स्तरांवर सत्तरीच्या रेटिंगचा राखीव क्वार्टरबॅकही सगळं मनासारखं करून दाखवतो आणि हा प्रश्नच उरत नाही. राखीव खेळाडूचं प्रकरण समजून घ्यायचं असेल तर किमान ऑल-अमेरिकन ठेवा. क्वार्टरची लांबीही वाढवा. नऊ-दहा मिनिटांचा क्वार्टर आणि सोबत जलद घड्याळ ठेवलं की चालींची संख्या खऱ्या सामन्याच्या जवळपास येते. लहान क्वार्टरमध्ये एका संघाला जेमतेम पाच-सहा ताबे (चेंडू आपल्याकडे असण्याच्या पाळ्या) मिळतात, त्यातले दोन राखीव खेळाडूला देणं परवडत नाही. मग तुम्हीही त्या हात आखडलेल्या प्रशिक्षकासारखे वागू लागता.

आता गेम जिथे कमी पडतो तिकडे वळू. ही उणीव मोठी आहे.

सामन्यात पोराने काय कमावलं, याचा हिशेब गेम नीट ठेवत नाही. रेटिंगची वाढ हंगाम संपल्यावर होते. ती ठरवताना खेळाडूचा डेव्हलपमेंट ट्रेट आणि प्रशिक्षकाने घेतलेल्या क्षमता यांचं वजन ठळक दिसतं. ट्रेटच्या नॉर्मल, इम्पॅक्ट, स्टार आणि एलिट अशा पायऱ्या आहेत. प्रशिक्षक ‘मोटिव्हेटर’ प्रकारचा असेल तर खेळाडू वेगाने सुधारतात. पण सप्टेंबरमध्ये दोन सामन्यांत पंचवीस चाली खेळलेला राखीव क्वार्टरबॅक आणि एकही चाल न खेळलेला राखीव क्वार्टरबॅक यांत नोव्हेंबरच्या परक्या मैदानावर जो फरक दिसायला हवा, तो जाणवत नाही. भीती गेमने बारकाईने उभी केली, पण ती भीती अनुभवाने कशी ओसरते हा अर्धा भाग राहून गेला. राखीव खेळाडूला खेळवण्याचं सगळ्यात मोठं कारण तेच आहे.

अलाबामाचं २०१७ चं वर्ष घ्या. टुआ टागोवायलोआ पहिल्या वर्षाचा राखीव खेळाडू होता. अंतिम सामन्यापूर्वी त्याने हंगामात ५३ पास टाकले होते, तेही बहुतेक हरलेल्या प्रतिस्पर्ध्यांविरुद्ध. टेनेसीविरुद्ध त्याचा एक पास बचावपटूने पकडला आणि थेट ९७ यार्ड पळत टचडाउन केलं. त्या दिवशी टेनेसीला मिळालेले सगळे गुण तेवढेच, अलाबामा ४५-७ ने जिंकला. चूक भयंकर होती, किंमत शून्य होती. ८ जानेवारी २०१८ ला जॉर्जियाविरुद्ध अंतिम सामन्यात अलाबामा मध्यंतराला ०-१३ ने मागे होता, जेलन हर्ट्सचे आठपैकी तीनच पास पूर्ण झाले होते. प्रशिक्षक निक सेबन यांनी दुसऱ्या अर्धात टागोवायलोआला उतरवलं. त्याने तीन टचडाउन पास टाकले आणि एक पास प्रतिस्पर्ध्याच्या हातातही दिला. जादा वेळेत तो १६ यार्ड मागे सॅक झाला, म्हणजे पास टाकण्याआधीच पाडला गेला, आणि लगेच पुढच्या चालीवर दुसऱ्या डाउनला २६ यार्ड हवे असताना त्याने डेव्हॉन्टा स्मिथला ४१ यार्डांचा पास देऊन सामना २६-२३ असा संपवला. इतकी मोठी चूक करून पुढच्याच चालीला स्वच्छ डोळ्यांनी मैदान पाहणं हे ज्याला जमतं, त्याने आधी कुठेतरी चूक करून पाहिलेली असते. ती जागा त्याला ऑक्टोबरमध्ये मिळाली होती.

दुसरी उणीव शारीरिक तपशिलांची. क्वार्टरबॅक बदलला की खऱ्या मैदानावर बऱ्याच लहान गोष्टी एकदम बदलतात. शॉटगन मांडणीत क्वार्टरबॅक सेंटरच्या (त्याच्याकडे चेंडू मागे टाकणाऱ्या खेळाडूच्या) मागे साधारण पाच यार्डांवर उभा असतो. सेंटरचा हात एका क्वार्टरबॅकच्या उंचीला आणि जागेला बसलेला असतो. नवा माणूस आला की स्नॅप खांद्याच्या वर जातो किंवा गुडघ्यापाशी येतो. त्याची आवाज देण्याची लय वेगळी असते, मग लाइनमधला एखादा जण आधीच हलतो आणि पाच यार्डांचा दंड बसतो. रनिंग बॅकच्या (चेंडू घेऊन पळणाऱ्या खेळाडूच्या) पोटात चेंडू ठेवायचा की स्वतःकडे ओढून घ्यायचा, हा निर्णय ज्या क्षणी होतो तिथे दोघांची सवय नसेल तर चेंडू खाली पडतो. राखीव क्वार्टरबॅक डावखुरा असेल तर गोष्ट आणखी लांबते : चेंडूची फिरकी उलट्या दिशेची होते, रिसीव्हरच्या हातांना ती ओळखावी लागते, आणि त्याची पाठ लाइनमधल्या उजव्या टॅकलकडे वळते. म्हणजे ज्या लाइनमनवर इतके दिवस कमी भार होता, त्याच्यावर सगळी जबाबदारी येते. २०२४ पासून एका खेळाडूच्या हेल्मेटमध्ये प्रशिक्षकाचा आवाज पोहोचतो, पण चाल सुरू करण्याच्या घड्याळावर १५ सेकंद उरले की तो बंद पडतो. पहिल्या क्वार्टरबॅकला त्या शांत १५ सेकंदांत काय पाहायचं हे ठाऊक असतं. राखीव क्वार्टरबॅक आवाज बंद झाल्यावर गोंधळतो. यातलं फारसं काही गेममध्ये उतरलेलं नाही. डेप्थ चार्टवर, म्हणजे जागावार खेळाडूंच्या क्रमयादीत, नाव बदललं की नवा माणूस त्याच सेंटरकडून तितकाच स्वच्छ स्नॅप घेतो.

एवढं असूनही, राखीव क्वार्टरबॅकला कसं खेळवायचं याचा आराखडा बसवण्यासाठी हा गेम फार कामाचा आहे. खेळ समजून घेणाऱ्याने डायनस्टीमध्ये पुढची पद्धत वापरून पाहावी. प्रत्यक्ष मैदानावरचा शहाणपणाही याहून फार वेगळा नाही.

हंगाम सुरू होण्याआधी बारा सामन्यांचं वेळापत्रक उघडा आणि राखीव क्वार्टरबॅकसाठी दोन सामने निवडा, शक्यतो पहिल्या चारांतले. एक घरचा आणि सोपा. दुसरा परक्या मैदानावरचा, पण प्रतिस्पर्धी मध्यम ताकदीचा. रेडशर्टचे चार सामने मोजताना सुरुवातीलाच चारही खर्च करू नका. दोन ठरवून वापरा, दोन नोव्हेंबरसाठी राखा, कारण खरी दुखापत बहुधा उशिरा येते. डेप्थ चार्टमध्ये तिसऱ्या क्रमांकावर कोण आहे हेही याच वेळी पाहून ठेवा, त्याचं कारण पुढे येईलच.

सामन्यात त्याला कधी आणायचं? इथेच सगळ्यांची गाडी घसरते. नेहमीची पद्धत अशी : चौथा क्वार्टर, ४० गुणांची आघाडी, पहिली फळी बाहेर, राखीव लाइन, राखीव रिसीव्हर, आणि समोर प्रतिस्पर्ध्याचेही राखीव खेळाडू. त्यात दहा चाली, त्यातल्या नऊ रनिंग बॅकच्या हातात चेंडू देण्याच्या, घड्याळ संपवण्यासाठी. नोंदवहीत ‘एक सामना खेळला’ असं लिहिलं जातं, पण पोराने पाहिलं काहीच नाही. बचावाने जादा माणसं अंगावर सोडून ब्लिट्झ टाकली नाही, त्याला कव्हरेज (बचावपटूंची मांडणी) ओळखावं लागलं नाही, तिसऱ्या डाउनला पास टाकावा लागला नाही. रेडशर्टच्या चारांतला एक सामना मात्र गेला. २०२३ पासून दहा यार्ड पूर्ण होऊन नवा पहिला डाउन मिळाल्यावरही घड्याळ चालूच राहतं, फक्त प्रत्येक अर्धाची शेवटची दोन मिनिटं सोडून. त्यामुळे सामन्यातल्या चालीही थोड्या घटल्या आहेत, आणि शेवटाला उरणारा हा ‘उष्टा’ वेळ आणखी आटला आहे. त्याच्या भरवशावर राहून भागणार नाही.

त्याऐवजी दुसऱ्या क्वार्टरमधला एक पूर्ण ताबा आधीच ठरवून द्या, समजा आपल्या संघाचा चौथा ताबा. गुणफलक काहीही सांगो, आघाडी सात गुणांची असली तरी. गेममध्ये सामना पॉज करून डेप्थ चार्टमध्ये फक्त क्वार्टरबॅकची जागा बदला, बाकी दहा जण पहिल्याच फळीचे राहू द्या. हे फार महत्त्वाचं आहे. राखीव क्वार्टरबॅकला पुढे ज्यांच्यासोबत खेळायचं आहे, त्यांच्याचसोबत अनुभव मिळाला पाहिजे. ताबा सुरू होताना आणा, मध्येच नको. आपल्या दहा यार्डांच्या आत चेंडू असेल तर तो ताबा सोडून पुढचा द्या, कारण तिथे पहिल्या चुकीला सेफ्टी (आपल्याच शेवटच्या पट्ट्यात पाडलं जाऊन प्रतिस्पर्ध्याला गुण) किंवा थेट टचडाउनची शिक्षा आहे, आणि त्यातून शिकण्याऐवजी पोरगा आकसतो.

चालींचा क्रम असा ठेवा. पहिली चाल छोटा, ठरलेला पास : हिच, स्लँट किंवा स्क्रीन. चेंडू दोन सेकंदांत हातातून सुटला पाहिजे, म्हणजे आवाज, स्नॅप आणि पहिला पास एका झटक्यात पार पडतात. दुसरी चाल रन. तिसरी प्ले-ॲक्शन (रनचा बहाणा) आणि बाजूला पळत पास, जेणेकरून त्याला अर्धंच मैदान वाचावं लागेल. यानंतर लगाम सोडा. तिसऱ्या डाउनला सहा-सात यार्ड हवे असताना पासच टाकायला लावा. चुकला तर पंट करा (चेंडू लाथेने दूर पाठवा) आणि त्याला पुढचा ताबाही द्या. एकच ताबा देऊन चुकीनंतर काढून घेणं म्हणजे न खेळवण्याहून वाईट. दोन ताबे मिळून दहा ते चौदा चाली होतात, एका सामन्यासाठी त्या पुरतात. दुसऱ्या, परक्या मैदानावरच्या सामन्यात यातला एक ताबा मध्यंतराआधीच्या शेवटच्या दोन मिनिटांतला ठेवा. घड्याळ, टाइमआउट, बाजूच्या रेषेबाहेर जाणं हे सगळं तिथे एकदम अंगावर येतं, आणि सामना हातातून जायचा धोका अजून लांब असतो.

या पद्धतीवर एक आक्षेप नेहमी येतो : पहिल्या क्वार्टरबॅकची लय तुटते. आक्षेप खोटा नाही. म्हणूनच ताबा आधी ठरवायचा आणि दोघांनाही शुक्रवारीच सांगून टाकायचं. वाईट खेळल्यामुळे बाहेर काढलं असं पहिल्याला वाटता कामा नये. दुसरा आक्षेप दुखापतीचा. गेममधली ‘वेअर अँड टेअर’ व्यवस्था इथे चांगली शिकवण देते. क्वार्टरबॅकला बसणारा प्रत्येक धक्का खांदा, पाय, छाती असा शरीराच्या भागांवर जमा होतो आणि हळूहळू त्याच्या क्षमता घटवतो, डायनस्टीमध्ये हंगामभर. पळणाऱ्या क्वार्टरबॅकला प्रत्येक सामन्यात बारा वेळा पळवलंत तर ऑक्टोबरच्या शेवटी तो अर्धाच उरतो. राखीवाला दिलेले दोन ताबे पहिल्याच्या अंगावरचे काही धक्केही वाचवतात. हिशेब तिथेच फिटतो.

तयारी नसेल तर काय होतं, याचं अलीकडचं सगळ्यात जळजळीत उदाहरण फ्लोरिडा स्टेटचं. १८ नोव्हेंबर २०२३ ला नॉर्थ अलाबामासारख्या दुबळ्या संघाविरुद्ध जॉर्डन ट्रॅव्हिसचा पाय मोडला. टेट रोडमेकर आत आला. २०२२ मध्ये लुइव्हिलच्या मैदानावर मध्येच उतरून त्याने ३५-३१ असा विजय मिळवून दिला होता, म्हणजे त्याने आग पाहिलेली होती. फ्लोरिडाविरुद्धचा सामनाही त्याने २४-१५ असा काढून दिला, पण त्यातच त्याच्या डोक्याला मार बसला. परिषदेच्या (संघांच्या विभागीय गटाच्या) अंतिम सामन्यात पहिल्या वर्षाचा ब्रॉक ग्लेन, म्हणजे तिसऱ्या क्रमांकाचा क्वार्टरबॅक, उभा राहिला. बचावाच्या जोरावर संघ १६-६ ने जिंकला. ग्लेनचे २१ पैकी ८ पास पूर्ण झाले, एकूण ५५ यार्ड. संघाच्या खात्यात १३ विजय आणि शून्य पराभव होते, तरीही निवड समितीने त्यांना चार संघांच्या प्लेऑफमधून वगळलं, आणि ट्रॅव्हिसशिवाय हा संघ वेगळा आहे हे कारण दिलं. त्या निर्णयाचा राग आजही शमलेला नाही, आणि तो राग रास्त आहे. तेरा सामने जिंकलेल्या पोरांचा त्यात काहीच दोष नव्हता. पण प्रशिक्षकाच्या खुर्चीतून पाहिलं तर धडा असा की दोन क्वार्टरबॅक तयार ठेवणंही कधी पुरत नाही. गेममध्ये तिसऱ्या क्रमांकाच्या पोरालाही एका सोप्या सामन्यात सहा चाली द्या, आणि त्यातले तीन तरी पास असू द्या.

उलट बाजूला क्लेमसन, २०१८. चार सामने झाल्यावर प्रशिक्षक डॅबो स्विनी यांनी ट्रेव्हर लॉरेन्सला पहिला क्रमांक दिला, आणि केली ब्रायंट संघ सोडून गेला. त्याने चारच सामने खेळले होते, म्हणून नव्या नियमाने त्याचं वर्ष वाचलं. पुढच्याच शनिवारी, २९ सप्टेंबरला, सिरॅक्यूजविरुद्ध लॉरेन्सला मार बसून तो बाहेर गेला. उरला चेस ब्राइस. तोवर त्याच्या वाट्याला एकतर्फी सामन्यांचा शेवटच आला होता. २०-२३ ने मागे असताना त्याने आपल्या सहा यार्डांवरून १३ चालींत ९४ यार्डांचा ताबा खेळवला. त्यात चौथ्या डाउनला सहा यार्ड हवे असताना टी हिगिन्सला दिलेला २० यार्डांचा पास होता. ४१ सेकंद उरले असताना ट्रॅव्हिस एटिएनने टचडाउन केलं, २७-२३. क्लेमसन त्या हंगामात १५-० राहिला आणि विजेता ठरला. उष्ट्या वेळातलाही अनुभव काहीच नसण्यापेक्षा बरा, हे इथे मान्य करावं लागतं. पण त्याच आठवड्यात दोन नंबरचा अनुभवी क्वार्टरबॅक निघून गेला होता, हेही विसरू नये.

कारण आता तेच रोजचं झालंय. २०२१ पासून खेळाडू एकदा कॉलेज बदलून लगेच खेळू शकतो, आणि २०२४ पासून अभ्यासाची अट पाळली तर कितीही वेळा. बाकावर बसवलेला चांगला क्वार्टरबॅक दुसऱ्या वर्षी तिथे नसतो. जो बरोने ओहायो स्टेटच्या बाकावरून मोजके ३९ पास टाकले, मग तो एलएसयूला (लुइझियाना स्टेट विद्यापीठात) गेला आणि २०१९ चा हंगाम गाजवला. गेममध्ये ही ओढ ‘डीलब्रेकर’मधून येते. प्रत्येक खेळाडूची एक अट असते, आणि राखीव क्वार्टरबॅकची अट ‘प्लेइंग टाइम’ असेल तर हंगाम संपल्यावर तो निघण्याची तयारी दाखवतो. तुम्ही त्याला थांबायची विनवणी करू शकता. पण त्या अटीची श्रेणी मुख्यतः त्या जागेवर त्याच्या पुढे कोण आहे यावरून ठरते. तुम्ही मनापासून दिलेल्या दोन ताब्यांची तिथे दखल घेतली जात नाही. खऱ्या पोराला त्या दोन ताब्यांतून ‘आपला विचार होतोय’ हे कळतं आणि तो आणखी एक वर्ष थांबतो. गेममध्ये तो तसाच निघून जातो. व्यवहारी उपाय असा की भरती करतानाच राखीव क्वार्टरबॅकची अट पाहा. ‘प्लेइंग टाइम’ वाला पोरगा आणायचा असेल तर पहिला क्वार्टरबॅक शेवटच्या वर्षाचा असेल तेव्हाच आणा.

‘रोड टू ग्लोरी’ या विभागात तुम्ही स्वतः खेळाडू असता, कमी ताऱ्यांच्या मानांकनाचा खेळाडू निवडला तर बाकावरून सुरुवात होते. प्रशिक्षकाचा विश्वास मिळवायचा, मग पहिल्या जागेसाठी चाचणी द्यायची. विश्वास वाढला की चाली बदलण्याचं स्वातंत्र्य मिळतं, ही कल्पना सुरेख आणि खरी आहे. पण बाकावरचा काळ म्हणजे त्याच त्या सरावाच्या कवायती आणि आठवड्याच्या वेळापत्रकातली निवड. एखाद्या शनिवारी दुसऱ्या क्वार्टरमध्ये अचानक हाक येते आणि हेल्मेट शोधताना हात थरथरतो, हा प्रसंग सगळ्यात हवासा होता. त्याची वाट पाहण्यात दोन हंगाम सरकतात.

१० जुलै २०२५ ला आलेल्या कॉलेज फुटबॉल २६ मध्ये शाळेच्या पातळीवरचे सामने परत आले. क्वार्टरबॅकचे प्रकारही पॉकेट पासर, ड्युअल थ्रेट, प्युअर रनर आणि बॅकफील्ड क्रिएटर असे स्पष्ट झाले. प्रकारांची ही वाटणी उपयोगी आहे : पहिला क्वार्टरबॅक पॉकेट पासर (जागेवरून पास टाकणारा) आणि राखीव प्युअर रनर (मुख्यतः पळणारा) असेल, तर दुसऱ्याच्या दोन ताब्यांसाठी चालींचं वेगळं पान हवं, हे लगेच लक्षात येतं. नवीन घेणाऱ्याने २६ घ्यावा. २५ आधीच घरात असेल आणि मुख्य ओढ डायनस्टीची असेल, तर एवढ्यासाठी पुन्हा पैसे घालू नका. त्यापेक्षा पुढच्या हंगामाच्या वेळापत्रकातला दुसरा आणि चौथा आठवडा आजच खूण करून ठेवा, आणि चौथ्या ताब्याला बाकावरच्या त्या पोराचं नाव डेप्थ चार्टच्या वर न्या.